मुरड

अब्बांच्या टेबलाच्या कडेला
स्क्रूनं आवळलेलं एक पितळी यंत्र होतं,
शेवयांच्या मशीनचा धाकटा भाऊ शोभेल असं.
एक दांडा, लाकडी मूठ, पुढं वाटीसारखा साचा.
अंगावर कुठल्याशा विलायती कंपनीचं नाव,
निम्मं झिजलेलं.
आम्ही त्याला मुरड म्हणायचो.

पापाच्या तिकटीवरून आत वळलं की तिसरं दुकान.
पाटीवर मोठ्या अक्षरात : दस्तगीर शिकलगार, बंदूक दुरुस्ती.
खाली बारीक : विळे, कात्र्या, अडकित्ते यांना धार.
घर चालायचं ते खालच्या ओळीवर.

काडतूस भरायला बसले की अब्बा रेडिओ बंद करायचे.
पितळी बूड, कागदी नळी.
दारूच्या मापाला मला कधी हात लावू दिला नाही.
नमद्याची चकती, मग छर्रे,
आणि वर पुठ्ठ्याचं गोल झाकण.
झाकणं कापायचं काम माझं.
जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा त्याला बेस्ट,
त्यामुळं कुणाकुणाचे चि. आणि चि. सौ. कां.
उसातल्या डुकरांच्या मागं गेलेत,
हिशेब नाही.

शेवटी नळीचं तोंड साच्यात टेकवायचं
आणि दांडा फिरवायचा.
कागदाची कडा आत वळत जायची,
झोपेतल्या माणसानं चादर ओढून घ्यावी तशी.

सैल राहिली तर?
"दुनळीत पहिला बार उडाला की दुसऱ्याला हादरा बसतो.
झाकण निघालं की छर्रे नळीतच सांडायचे."
आणि लई घट्ट?
"मग दारूला वाटतंय आपल्याला कोंडलंय.
ती बंदुकीचं बी ऐकत न्हाई."
आतून अम्मी म्हणायची,
करंजीचं तरी काय वेगळं हाय,
एक उलली की कढईभर तेल नासतंय.
ती कातण वापरायची नाही. बोटांनीच.

त्या मार्गशीर्षात मुरगूडचे दत्ताजीराव पसारे आले.
राजदूत बंद न करताच उतरले.
लायसन टेबलावर ठेवलं : "दहा भरून द्या. आत्ता.
डुकरं लई झाल्यात उसात."
अब्बांनी लायसन पुसल्यासारखं बघितलं.
ऊस कारखान्याला गेल्याचं
पसारे स्वतःच बोलले होते, आदल्या रविवारी,
अडकित्ता न्यायला आले तेव्हा.
बांधाचंही बोलले होते.

"थोरले कसे आहेत?"
पसाऱ्यांनी चहाकडं बघितलं.

अब्बांनी पहिली नळी लावली. फाटली.
दुसरी. तीही फाटली.
तिसरीची कड अशी उसवली
की झाकण उडून माझ्या पायाशी आलं.
बारा वर्षांची होते मी, त्या हातानं कागद फाटलेला
तोवर एकदाही बघितला नव्हता.
"हवा दमट हाय," अब्बा म्हणाले. "गुरुवारी या."
"दमट?"
ओठ फुटायची थंडी. माझ्या गालांना खोबरेल लावलेलं.
"दमट," अब्बा म्हणाले.

बाहेर राजदूत धडधडत होती.
मग पसारे उठले, जाऊन ती बंद केली,
आणि परत येऊन बसले.
दुसरा चहा मी आणला.
कुणी काही बोललं नाही. एक गिऱ्हाईक कात्री ठेवून गेलं.

गुरुवारी ते आले नाहीत.
शिमग्याच्या सुमाराला गड्याकडून विळे पाठवले, धारेला.
दोन. एकाच्या मुठीवर थोरल्याची खूण होती.
अब्बांनी पैसे एकाचेच घेतले,
का, ते मी विचारलं नाही.

दुकान आता मोबाईलवाल्याकडं आहे.
यंत्र माझ्या ओट्याला लावलंय, शोभेचं,
मुलगा म्हणतो भंगारात घाल.
सोबत एक डबा आहे, त्यात तीन फाटक्या नळ्या
आणि ते पायाशी आलेलं झाकण.
वरच्या बाजूला अब्बांच्या हातचा छर्ऱ्याचा नंबर.
उलटं केलं की गुलाबी शाईत,
मी कापलं तिथून तुटलेलं :
...काच्या लग्नाला यायचं हं